न्यायाधीशांजवळचे प्रशिक्षण : तालुका कोर्ट की हायकोर्ट?

आपल्या वस्त्यांतून आता कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली दिसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. यांपैकी बहुतेकांच्या घरात पूर्वी कोणी वकील झालेला नाही. वकिलाच्या मुलाला कोर्टाची पायरी, पुकारा, तारीख, रोजनामा या गोष्टी जेवता जेवता कानांवर पडून समजतात. आपल्या मुलांना त्या मुद्दाम जाऊन शिकाव्या लागतात. त्यासाठी कायद्याच्या अभ्यासक्रमात ‘इंटर्नशिप’ म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण ठेवलेले आहे. त्यातही एखाद्या न्यायाधीशांजवळ काही आठवडे बसून शिकण्याची संधी मिळाली तर ती फार मोलाची असते. अमेरिकेत अशा प्रशिक्षणास ‘एक्स्टर्नशिप’ म्हणतात आणि त्याचे श्रेयांक महाविद्यालयाकडून मिळतात. खालचे कोर्ट घ्यावे की वरचे, हा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांनाही पडतो.

आम्ही वकील नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. परंतु विद्यार्थ्यांचे अर्ज लिहून देणे, नियम वाचून दाखवणे हे काम आमच्याकडे येते. त्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : “आमच्या गावच्या कोर्टात जाऊ, की हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडे अर्ज करू?” बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते. हायकोर्ट मोठे, म्हणून हायकोर्ट. हे उत्तर प्रत्येकासाठी बरोबर नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. कोर्ट किती उंच आहे हे पाहून निवड करण्यापेक्षा आपण शिक्षणाच्या कोणत्या पायरीवर आहोत हे पाहून करावी.

नियम काय सांगतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ सालच्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रशिक्षण घ्यावे लागते. कोणत्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ते करता येत नाही. वकील, न्यायपालिका, स्वयंसेवी संस्था, विधिमंडळ, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था अशी बरीच ठिकाणे नियमात दिली आहेत. मात्र खटले चालवणाऱ्या व अपिले चालवणाऱ्या वकिलांकडे प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी काम केले पाहिजे, असे बंधन आहे. म्हणजे न्यायाधीशांजवळचे प्रशिक्षण हे वकिलाकडील प्रशिक्षणाला पर्याय नाही, त्याची जोड आहे.

दुसरी बाब गुणांची. अभिरूप न्यायालय व इंटर्नशिपची जी प्रात्यक्षिक परीक्षा असते तिच्या १०० गुणांपैकी ३० गुण दोन खटले प्रत्यक्ष पाहण्यासाठी आहेत. त्यातला एक दिवाणी व एक फौजदारी असावा लागतो. आणखी ३० गुण पक्षकाराची मुलाखत, दाव्याची पूर्वतयारी आणि प्रशिक्षणाची डायरी यांसाठी आहेत. खटला पाहणे याचा अर्थ साक्षीपुरावा पाहणे. साक्षीदार मुख्यतः खालच्या कोर्टात येतात. हायकोर्टात बहुतेक वेळ कागदावरच्या पुराव्यावर युक्तिवाद चालतो. एवढा एक फरक नीट ध्यानात घेतला तरी निवडीचे अर्धे काम होते.

एकच दावा, तीन कोर्टे

महाडच्या चवदार तळ्याचा दावा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मार्च १९२७ मध्ये तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न घेण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत प्रत्यक्ष तळ्यावर जाण्याचे स्थगित करावे लागले. पुढे १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. ठाण्याच्या कोर्टातील अपीलही फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला.

हा निकाल समतेच्या तत्त्वावर दिला गेला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हायकोर्टाने पाहिले ते इतकेच, की फिर्यादींनी सांगितलेली अनादिकालापासूनची वहिवाट पुराव्याने शाबीत झाली आहे काय? ती झालेली नव्हती, म्हणून अपील फेटाळले गेले. आणि हा पुरावा कोठे नोंदला गेला होता? महाडच्या कोर्टात. वरच्या कोर्टातील युक्तिवाद खालच्या कोर्टाने नोंदलेल्या कागदावर उभा होता.

विद्यार्थी मित्रहो, या दाव्याकडे कायद्याचा विद्यार्थी म्हणून पाहा. केवळ १९३७ चा निकाल वाचणाऱ्याला शेवट समजतो. साक्षीदार कसा उभा राहिला, कोणता कागद हजर झाला, कोणता प्रश्न उलटतपासात विचारला गेला, मनाई हुकुमाने प्रत्यक्षात काय थांबले, हे खालच्या कोर्टात बसल्याशिवाय समजत नाही.

तालुका व जिल्हा कोर्टात काय शिकावे

सकाळी बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. शिपाई पुकारा करतो. वकील वकालतनामा दाखल करतात, कोणी पुरसीस देतो, कोणी मुदत मागतो. दिवाणी दाव्यात कैफियत येते, मुद्दे काढले जातात, सरतपास व उलटतपास होतो. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. आपल्याकडे ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हटले की तो तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, हे कारकुनापासून वकिलापर्यंत सर्वांना कळते, पण पुस्तकातून ते कळत नाही. दावा जिंकल्यावर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करण्यासाठी पुन्हा दरखास्त करावी लागते, आणि कित्येकदा खरी लढाई तेथेच सुरू होते, हेही येथेच उमगते.

आमच्या कामातील एक उदाहरण देतो. चेक न वटता परत जातो तेव्हा बँक सोबत एक मेमो देते. आम्हाला तो रोजचा कागद वाटतो. तोच कागद पुढे परक्राम्य दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खालील खटल्यात पुरावा बनतो. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याची संधी, ती संपल्यावर एका महिन्यात फिर्याद, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आठवडाभर बसून अशी पाच प्रकरणे पाहिली तर तारखांचे महत्त्व त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

फौजदारी बाजूस सध्या आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन नवे कायदे लागू झाले. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेखाली आणि नंतरचे नव्या संहितेखाली, असे दोन्ही एकाच बोर्डावर दिसतात. कोणत्या प्रकरणास कोणता कायदा, हे रोज पाहिल्याने पक्के होते.

भाषेचा लाभही मोठा आहे. महाराष्ट्रातील खालच्या कोर्टांत साक्षी व कागद मराठीत असतात. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले त्यांना येथे दडपण येत नाही, आणि कायद्याचे मराठी शब्द तोंडात बसतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खालच्या कोर्टातील न्यायाधीशांवर कामाचा बोजा फार असतो. विद्यार्थ्याला शेजारी बसवून समजावण्यास त्यांना सवड मिळेलच असे नाही. कित्येक ठिकाणी विद्यार्थी घेण्याची ठरलेली पद्धतही नसते. अशा वेळी महाविद्यालयाचे पत्र घेऊन प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा. लेखी काम कमी मिळते आणि पाहणे जास्त होते, ही तयारी ठेवूनच जावे.

हायकोर्टात काय मिळते

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडे काम निराळे असते. प्रकरणाची फाईल वाचून घटनाक्रम तारीखवार मांडणे, दोन्ही बाजूंचे मुद्दे एका पानात आणणे, जुने निवाडे शोधणे, वकिलाने दाखवलेला निवाडा पुढे फिरवला गेला आहे की काय ते तपासणे, अशी कामे सांगितली जातात. दिवसभर युक्तिवाद ऐकायचा आणि संध्याकाळी त्यातील मुद्दा कोणता, हे स्वतः लिहून पाहायचे. कायद्यात नेमके लिहिणे ज्याला शिकावयाचे आहे त्याच्यासाठी अशी शाळा दुसरी नाही.

परंतु या शाळेत बसण्यासाठी काही तयारी लागते. दिवाणी व फौजदारी प्रक्रिया, पुरावा आणि संविधान हे विषय झालेले नसतील तर चार आठवडे कानांवरून निघून जातात. हायकोर्टाचे कामकाज इंग्रजीत चालते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तेथे जाऊन नुसते बसून परतावे, यात त्याचाही तोटा आणि त्याच्यामुळे ज्याची जागा गेली त्याचाही तोटा.

आणखी एक गोष्ट अर्ज करताना पाहावी. कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणती प्रकरणे चालतील, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात व ते वाटप बदलते. एका पीठापुढे जामिनाचे अर्ज, दुसऱ्यापुढे रिट याचिका, तिसऱ्यापुढे दुसरी अपिले. आपल्याला फौजदारीची आवड आणि पीठ कराच्या प्रकरणांचे, असे होऊ नये म्हणून हायकोर्टाच्या संकेतस्थळावरील वाटप वाचावे.

हायकोर्ट म्हणजे मुंबईच, असेही नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथे खंडपीठे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याकडे आले. सोलापूरच्या मुलीने मुंबईत खोली शोधण्यापूर्वी कोल्हापूरचा विचार करावा, हे उघड आहे.

प्रमाणपत्राच्या मोलाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याच्या घरात वकिलीचा वारसा आहे त्याला पहिली ओळख आयती मिळते. आपल्या मुलीला ओळख करून देणारे कोणी नसते. न्यायमूर्तींनी दिलेले प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र तिच्यासाठी ते काम करते. म्हणून हायकोर्टाची ओढ ही निव्वळ प्रतिष्ठेची हौस आहे असे म्हणून आम्ही ती बाजूला सारणार नाही. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. आधी पाया, मग शिखर. पाया असलेल्या विद्यार्थ्याचे काम न्यायमूर्तींच्या डोळ्यांत भरते आणि मग मिळणाऱ्या पत्रात दोन ओळी जास्त असतात.

दुर्लक्षित ठिकाणे

कुटुंब न्यायालय, कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, ग्राहक आयोग, कर्जवसुली न्यायाधिकरण यांच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष कमी जाते. ज्याला कामगारांचे किंवा बँकांचे काम करावयाचे आहे त्याने एक पाळी येथे जरूर द्यावी.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा उल्लेख वेगळा करतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क आपल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे, हे वाचकांनी आपल्या शेजारी विचारून पाहावे. येथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पक्षकाराशी बोलणे, अर्ज लिहिणे, लोकअदालतीत तडजोड कशी होते हे पाहणे, असे तिन्ही मिळते आणि डायरीतील मुलाखतीची अटही पुरी होते.

ज्यांना न्यायाधीश व्हावयाचे आहे

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्याची इच्छा पुष्कळ जण बोलून दाखवतात. त्यांनी २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात ठेवावा. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायाधीशांकडे ‘लॉ क्लार्क’ म्हणून केलेले काम त्यात धरावे, असेही सांगितले. लॉ क्लार्क हे पदवीनंतरचे पद आहे. विद्यार्थिदशेतील इंटर्नशिपचा त्यात समावेश नाही. तेव्हा हायकोर्टात चार आठवडे बसलो म्हणजे अनुभव मोजला जाईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. परीक्षेची जाहिरात निघेल तेव्हा त्यातील अटी शब्दशः वाचाव्यात. अशा विद्यार्थ्याने एक पाळी तरी तालुका कोर्टात काढावी, कारण पुढे त्याला बसावयाचे आहे ते त्याच खुर्चीवर.

निवडीचा हिशेब

बँकेत बसून आम्हाला जमाखर्च मांडल्याशिवाय निर्णय न घेण्याची सवय लागली आहे. तीच येथे उपयोगी पडेल. अशा प्रशिक्षणात मानधनाची आशा धरू नये. समजा परगावी २८ दिवस राहावयाचे आहे. राहण्याचे रोज ३०० रुपये, जेवणाचे २०० व प्रवासाचे १०० धरले तर १६,८०० रुपये होतात. काळा कोट, टाय, बूट यांचे ३,००० मिळवले की १९,८००. तेच गावच्या कोर्टात घरचा डबा नेऊन, २४ दिवस रोज ६० रुपये प्रवासाला धरले तर १,४४० आणि कपड्यांचे ३,००० मिळून ४,४४० रुपये होतात. हे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत. पण दोन्ही बेरजा शेजारी मांडल्याशिवाय होकार कळवू नये. व्याजाने पैसे काढून दिल्लीची वाट धरण्याइतके कोणतेही प्रमाणपत्र मोठे नाही.

पैशाखेरीज आणखी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. आपण कोणत्या वर्षात आहोत? पहिल्या-दुसऱ्या वर्षी खालचे कोर्ट, शेवटच्या दोन वर्षांत हायकोर्ट, हा क्रम साधारणपणे हिताचा. आपल्याला पुढे काय करावयाचे आहे? तेथे आपले लिहिलेले कोणी वाचून दुरुस्त करील काय? आणि त्या दिवसांत कोर्ट चालू आहे काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महाविद्यालयाची आणि कोर्टाची मे महिन्याची सुट्टी एकाच वेळी येते. सुट्टीतील न्यायालयात केवळ तातडीची कामे चालतात. कोर्टाचे वर्षाचे सुट्ट्यांचे पत्रक आधी पाहून मगच तारखा मागाव्यात.

तेथे गेल्यावर

न्यायाधीशांच्या दालनात जे दिसते व ऐकू येते ते बाहेर बोलावयाचे नाही. निकाल जाहीर होण्यापूर्वी त्याचा शब्दही मित्राला, वकिलाला वा घरच्यांना सांगू नये. कागदाचा मोबाईलवर फोटो काढू नये. आपल्या नात्यातील किंवा ओळखीतील कोणाचे प्रकरण बोर्डावर असेल तर पहिल्याच दिवशी तसे सांगावे. पक्षकाराचा चहासुद्धा घेऊ नये. त्याच काळात त्याच कोर्टातील वकिलाकडे काम धरू नये. हे नियम पाळणाऱ्या मुलावर न्यायाधीशांचा विश्वास बसतो, आणि मग ते त्याला आपणहून शिकवतात.

डायरी रोज लिहावी. प्रकरणाचा प्रकार, ते कोणत्या टप्प्यावर होते, आज काय झाले, कोणते कलम लागले आणि आपल्याला काय समजले नाही, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. पाचवी गोष्ट लिहिण्यास संकोच करू नये. ती शंका बेंच क्लार्कला, शिरस्तेदारांना किंवा मोकळ्या वेळी न्यायाधीशांना विचारता येते. कोर्टातील कारकून मंडळींना मान द्यावा. फाईल कोठे अडते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

सभासद बंधुभगिनींनाही एक विनंती. ज्यांचे घर खंडपीठाच्या गावी आहे त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याला चार आठवडे आसरा दिला, तर वर मांडलेल्या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम नाहीशी होते. वापरात नसलेला काळा कोट कपाटात ठेवण्याऐवजी सोसायटीकडे द्यावा. आपल्या जिल्ह्यातील कोणते वकील विद्यार्थ्यांना मनापासून शिकवतात, याची यादी करून सूचना फलकावर लावावी. या तीन गोष्टींना सरकारी अनुदान लागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनी या महिन्यात दोन कामे करावीत. आपल्या महाविद्यालयातून इंटर्नशिपचे नियम व डायरीचा नमुना मागून घ्यावा. मग एका मोकळ्या दिवशी जवळच्या तालुका कोर्टात जाऊन मागच्या बाकावर सकाळी बोर्ड सुरू झाल्यापासून संध्याकाळपर्यंत बसावे. कोर्ट सर्वांसाठी खुले असते. त्या एका दिवसात काय समजले आणि काय समजले नाही, हे वहीत लिहून काढले म्हणजे आपला पहिला अर्ज कोठे करावा, हे ज्याचे त्याला कळेल.